माडीवरचं ऑफिस

४ ऑगस्ट, सोमवार
जालन्याचं ऑफिस बंद करून आम्हा सगळ्या जणींना लॅपटॉप न् हेडफोन देऊन घरी बसवलं, त्याला आता दुसरा महिना. तेव्हा किती खूश होते. परतूरहून रोजची रेल्वे सुटली, दगदग सुटली. आज सकाळी भाकरी थापताना गाडीचा भोंगा ऐकू आला अन् वाटलं, आपण गाडी चुकवली.
काम तेच. बियाण्याच्या कंपनीचा फोन, शेतकऱ्याचं ऐकायचं, सांगायचं. पण बसवत न्हाई.
सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, दोनदा हाक मारली. दळण आणतीस का? म्हटलं, फोनवर आहे. म्हणाल्या, "फोनवर तर आम्ही बी असतो."

७ ऑगस्ट, गुरुवार
समोरच्या काकू आल्या. चहा ठेव म्हणून आतूनच हुकूम. इकडं कानात भोकरदनकडचे एक काका, कपाशीची पाती-फुलं गळून राह्यलीत म्हणत होते. मी पावसाचा ताण, पाणी, खत सगळं विचारत होते, तेवढ्यात मागून आत्याबाई, "साखर कुठं ठिवली गं?"
काका हसले. "ताई, आधी साखर देऊन या. मी थांबतो."
थांबले खरंच. मलाच रडू आलं. काकांमुळं न्हाई, साखरेमुळं पण न्हाई. उगीच.

१३ ऑगस्ट, बुधवार
देशपांडे मॅडमचा फोन. जालन्यात आमच्यावर साहेब होत्या, त्याच. रागावल्या न्हाईत, तेच जड गेलं.
"रेखा, ऑफिसात सगळ्यांत जास्त कॉल तुझे असायचे. काय झालंय?"
लाईट जाते म्हणाले. जाते खरी. पण काल लाईट होती. मी फोन बंद करून कोठीत ज्वारीच्या पोत्याला टेकून नुसती बसल्ते. झोपही न्हाई, विचारही न्हाई.
हा महिना बघू म्हणाल्या. पुढचं बोलल्या न्हाईत. कळलं मला.
नोकरी लागली तेव्हा बाबांनी विहारात पेढे वाटल्ते. त्यांना काय सांगू.

१४ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं. एसटीची ड्युटी संपवून आलेले, गणवेशही काढला नव्हता. ऐकून घेतलं बराबर. मंग म्हणाले, "तू घरी असतीस म्हणून मला बरं वाटायचं. तुला कसं वाटतं, ते विचारलंच न्हाई मी."
उपाय काही सुचला न्हाई दोघांनाही. तरी हलकं वाटलं.

१८ ऑगस्ट, सोमवार
बाजारात शबाना भेटली. सात वर्षं रेल्वेच्या एका डब्यात, ऑफिसात एका टेबलाला. दोन गल्ल्या सोडून घर, अन् दोन महिन्यांत भेट न्हाई. वाळलीय.
भेंडी निवडता निवडता तीच बोलली. दिवसभर बोलते गं, पण कुणाशी बोलल्यासारखं वाटत न्हाई. अम्मी विचारते काय होतंय, काय सांगू.
मी पोत्यांचं सांगितलं. हसली न्हाई. म्हणाली, "आमची माडीवरची खोली खालीच पडलीय. तू येत जा ना."

१९ ऑगस्ट
आत्याबाईंना विचारलं. "घरी बसून करायचं काम, ते लोकाच्या घरी?" बस, एवढंच. मंग दिवसभर अबोला. ह्यांनी फक्त, "जाऊ दे तिला," म्हटलं न् ड्युटीला गेले.

२० ऑगस्ट, बुधवार
गेले. साडी नेसून, डबा घेऊन. चप्पल घालताना बरं वाटलं, हे लिहायलाही वेडगळ वाटतंय.
दोन टेबलं, दोन भिंतींकडं तोंडं. तिचा कॉल चालू असला की मला आपोआप उचलावासा वाटतो. ती उठली की मी पण पाय मोकळे करते. दुपारी तिचा दालचा, माझा ठेचा. अम्मी खालून, "खाना हुआ क्या, बेटी?"
संध्याकाळी घसा बसला. असं दमून बसायला किती दिवसांनी मिळालं.

२२ ऑगस्ट, पोळा
आत्याबाई दुपारी माडीवर हजर. गुडघे धरून जिना चढल्या, हातात पुरणपोळ्यांचा डबा. मी कॉलवर, खुणेनंच बसा म्हटलं. परतूरजवळचेच एक आजोबा होते, सणाच्या दिवशी फवारणी उरकायला निघालेले. मी त्यांना रागे भरत होते. तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याच्या उलट उभं राहू नका, अन् आज बैलांचं बघा, औषध उद्या.
फोन ठेवला तर आत्याबाई टक लावून बघत होत्या.
"इतकं बोलतीस तू? घरी तर हूं का चूं न्हाई."
शबानानं त्यांच्यापुढं पाणी ठेवलं. अम्मी पण वर आल्या. दोघींनी गुडघ्यांचा विषय काढला, मंग काय, आम्हालाच हळू बोला म्हणून सांगावं लागलं.

२६ ऑगस्ट
मी मागच्या अंगणात होते. समोरच्या काकूंनी विचारलं, रेखा घरी हाय का. आत्याबाई म्हणाल्या, "निघायलीय कामावर. तिला थांबवू नको."

२८ ऑगस्ट, गुरुवार
मॅडमचा फोन. कॉल वाढलेत, छान म्हणाल्या. अन् लगेच, "रेकॉर्डिंगमध्ये मागं दुसरा आवाज येतोय. कोण आहे?"
नियम असा की एकटीनं, बंद खोलीत बसायचं. शेतकऱ्याचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जायला नको. नियम चुकीचा न्हाई. टीव्ही होता म्हणू शकले असते. म्हटलं न्हाई. सगळं सांगितलं, पोत्यापासून माडीपर्यंत.
त्या म्हणाल्या, "मला वर विचारावं लागेल रेखा. मला पण घरी बसून करमत न्हाई, पण विचारावं लागेल. सोमवारी कळवते."
शबाना तिच्या कॉलवरून उठली. "माझं नाव घेतलंस?"
"घेतलं. आधी तुला विचारायला पाहिजे होतं."
तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिच्या घरात तिचीच एक कमाई. मंग, "बरं केलंस. उगीच चोरून किती दिवस बसणार."
पण दुपारी जेवली न्हाई.

३१ ऑगस्ट, रविवार
हे म्हणतात, माडीवर मधे प्लायवूड लावून देतो, दार करतो. चालेल का? मॅडमना विचारायचंय. बाबांना आज फोनवर सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "खोटं बोलली न्हाईस ना, मंग झोप निवांत."

१ सप्टेंबर, सोमवार
माडीवर आले. शबाना आधीच येऊन बसलेली. केस नीट विंचरलेत, डोळे सुजलेत. तिनं तिचं टेबल कोपऱ्यात ओढून मधे चादर टांगलीय. चादरीनं काय होणार, पण मी पण एक टोक धरून खिळ्याला बांधलं.
मॅडमचा फोन अजून न्हाई.
चादरीपलीकडून तिचं सुरू झालं, नमस्कार, बोला काका. माझा पण वाजतोय. नंबर कुणा शेतकऱ्याचा. उचलते.