मेलेली कप्तान चहा पिते

३ मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना सांग, त्यांनी बांधलेलं पुस्तक पाहून आमचं वाचकमंडळ खूश झालं. वाळवीने पानांचे खालचे कोपरे खाल्लेले, पानांचे आकडेसुद्धा उरले नव्हते. त्या चिंध्यांचं त्यांनी पुन्हा पुस्तक केलं. ही एकच प्रत, नवी कुठेच मिळत नाही. म्हणून दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सात जण पाळीपाळीने मोठ्याने वाचतो आणि मग गप्पा मारतो. म्हणजे मारायचो. आता नुसती भांडणं.

झालं असं, की अर्ध्या पुस्तकात अंतराळयानाची कप्तान बाई मरते. रडारड होते, तिची राख अवकाशात सोडतात. पुढच्या पानावर, तेही अर्ध्या वाक्यातून, बाई टेबलावर पाय ठेवून चहा पितेय! आमचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, पानं चुकलीत. मी म्हटलं, चुकतील कशी, माझ्या वडिलांनी बांधलंय. या कादंबरीत काळ मागेपुढे वाहतो, तीच तर गंमत आहे. दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्या बाजूने त्या तुटक्या वाक्यावर तासभर बोलल्या. पण पोस्टमास्तर ऐकेचनात. पस्तीस वर्षं टपाल लावलंय, चुकीच्या खणातलं पाकीट मला लांबून कळतं, हे एकच पालुपद. माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी म्हणालो, की ज्यांना कल्पनाशक्ती नाही त्यांनी विज्ञानकथा वाचू नयेत, पाकिटांवरचे पत्ते वाचावेत.

ते उठले, चष्मा खिशात ठेवला आणि गेले. तीन रविवार झाले, आलेले नाहीत. या परक्या शहरात मला पहिल्यांदा घरी बोलावून हातात पुस्तक ठेवलं ते त्यांनीच गं. आता ते नाहीत तर वाचण्यात जीवच लागत नाही. पण मी चुकलो असं मला वाटत नाही, म्हणून जास्तच चिडचिड होते.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

धन्य आहेस! मोठ्या माणसाला असं बोलतात? तेही कुठल्या तरी यानातल्या, कधी जन्मालाच न आलेल्या बाईपायी! आधी जाऊन माफी माग.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. भांडण ऐकून हसतील असं वाटलं होतं, तर चहाच्या प्रसंगाशी त्यांनी मला थांबवलं. मग दोनदा विचारलं, की त्या पानावर पाण्याचा डाग केवढा आहे. आता डागाचं काय मध्येच? तू बघून कळव, म्हणजे माझ्यामागची भुणभुण थांबेल.

बाकी ठीक. तुमच्या वाचनालयाने त्यांना आणखी चाळीस जुनी पुस्तकं बांधायला द्यायचं ठरवलंय. आई गेल्यापासून पहिल्यांदाच परवा शिट्टी वाजवत खळ शिजवत होते. डोळे तपासायचं नाव काढलं की मात्र अंगावर येतात. मी तरी किती वेळा सांगू? कंटाळा आलाय मला.

पत्राला उशीर केलास तर आशीर्वाद परत घेईन.

तुझी,
ताई

२० मार्च

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

डाग बघितला. हे पत्र बाबांना वाचून दाखवताना इथून पुढचं गाळ.

पहिल्या पानावर डाग तळहाताएवढा आहे आणि पुढे लहान होत जातो. पुस्तकाच्या मध्यावर सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेले गठ्ठे, असे आहेत, की दोन्हींवर डाग नखाएवढाच. त्यांची अदलाबदल करून वाचलं, तर तुटलेलं वाक्य नीट जुळलं. बाई आधी चहा पिते आणि नंतर मरते. कुठला मागेपुढे वाहणारा काळ आणि कुठलं काय!

ताई, त्यांनी वाचून क्रम लावला नाही. डागाच्या आकारावरून लावला. त्यांना अक्षरं दिसतच नाहीत का? तू घरात असतेस, तुझ्या कसं लक्षात आलं नाही? जाऊ दे, मी तरी कुठे विचारलं.

मंडळात खरं सांगितलं तर वाचनालयाच्या कानावर जाणार आणि चाळीस पुस्तकं दुसरीकडे जाणार. त्यांची शिट्टी पुन्हा बंद. नाही सांगितलं तर पोस्टमास्तर जन्मभर खोटे ठरणार. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय.

काय करू ते सांग, आणि लोभ असू दे.

तुझा,
धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ओळी वाकड्या येतील, सांभाळून घे. तुझं पत्र वाचताना ताई मध्येच अडखळली. घडाघडा वाचणारी मुलगी अडखळली, तेव्हाच मी काय ते समजलो. मग सगळं वाचायला लावलं. तिला बोल लावू नकोस, मी तिच्यापासूनही लपवलं होतं.

वर्ष झालं, अक्षर दिसत नाही. सुई चालते, कागदाची घडी बोटांना कळते, क्रम तेवढा लागत नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला खुर्चीत बसवून ठेवलं असतं. मला रिकामं बसायची भीती वाटते रे.

पण माझ्यापायी एका माणसाचा अपमान झाला, हे चालणार नाही. सगळ्यांदेखत बोललास ना, मग सगळ्यांदेखतच पाय धर. वाचनालयाला मी स्वतः कळवलंय. त्यांचं म्हणणं, क्रम लावणारा कोणी मिळाला तर काम तुमचंच. तेव्हा पोस्टमास्तरांना विचार, काही दिवस इकडे येतील का. ते लावतील, मी शिवेन. मागची खोली ताईने झाडून ठेवली आहे.

ते पुस्तकही त्यांच्याबरोबर पाठव, उसवून नीट करतो. पण उसवण्याआधी त्यांनी ती पानं मला वाचून दाखवावीत. टाके मी एकेक मोजून घातले, पण कप्तान बाई गेली हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं.

तुझ्यावर माया होती तेवढीच आहे.

बाबा