सर्वेशदादाच्या गाडीची उंची

शनिवार, १७ जानेवारी

चेंबर फुटलं. इंजिनाखाली ऑइल साठतं ते. आमच्याच विक्रोळीच्या सोसायटीच्या गेटवर, स्पीडब्रेकरवर. आई पुढे, मावशी आणि काका मागे—वाकोल्याला साखरपुड्याला निघालो होतो. घर्रकन आवाज झाला, तरी मी तशीच पुढे गेले. हायवेच्या आधी मीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला. तिथेच इंजिन बंद केलं. मागे बघते तर रस्त्यावर काळी रेघ.

आई म्हणाली, "गाडी हा की घोरपड? जमिनीक चिकटान चालता."

मला हसू आलं नाही. गाडी माझी नाही, सर्वेशदादाची आहे. जर्मनीला शिकायला जाताना चावी देऊन म्हणाला होता, "ऋतिका, उंचीला हात लावू नकोस. परत आल्यावर मला अशीच पाहिजे." ती एवढी खाली बसवायला त्याने किती रविवार घालवले, मी बघितलंय.

रविवार, १८ जानेवारी

इंजिन वाचलं! मधुकर मेकॅनिक म्हणाला, दिवा लागल्यावर अजून थोडी चालवली असती तर वाट लागली असती. हुश्श.

चेंबर नवीन टाकतोय. पण उंची हीच ठेवली तर तेही फुटणार, म्हणाला.

मंगळवार, २० जानेवारी

एक कोडं होतं—मी एकटी असताना गाडी कधीच घासली नाही. मग शनिवारीच का?

आज गॅरेजमध्ये तिथल्या पोऱ्याने टेप लावून मोजलं. रिकाम्या गाडीत चेंबरखाली पाच इंच. मग मधुकर आणि थांबलेली दोन गिऱ्हाइकं माझ्यासोबत आत बसली—चार इंच. गेटवरचा ब्रेकर साडेचार. संपला विषय. दादा कायम एकटाच फिरायचा.

नुसतं ब्रेकरपेक्षा वर असून भागत नाही. उतरताना गाडी अजून दबते. त्यामुळे रिकामी असताना साडेसहा तरी हवी. कंपनीची मूळ उंची सात. म्हणजे दादाने खाली आणलेल्या दोन इंचांतला उरणार अर्धा इंच.

दादाने टाकलेल्या सस्पेन्शनची उंची रिंग फिरवून बदलता येते, कापाकापी काही नाही. तरी त्याला विचारल्याशिवाय नको.

बुधवार, २१ जानेवारी

फोन लावला नाही. दोनदा हातात घेतला.

गुरुवार, २२ जानेवारी

विचारलं. भांडायची तयारी करूनच बसले होते—चेंबर, इंच, ब्रेकर, सगळं एका दमात सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कर ना वर. आई बसते तिच्यात. तुला बरं पडेल तेवढी कर."

बस? एवढंच? मी उगाच तीन रात्री नीट झोपले नाही.

रविवार, २५ जानेवारी

साडेसहा. मधुकरने चाकांची अलाइनमेंटही करून दिली.

आई, मावशी, काका—पुन्हा सगळ्यांना घेतलं, जुहूला गेलो. गेटवर मी गाडी अगदी हळू घेतली. पुढची चाकं चढली, उतरली. मागचीही. काहीच आवाज नाही. आई म्हणाली, "आता बरा वाटता." येताना भुट्टे खाल्ले. मागच्या सीटवर मावशी चक्क घोरत होती. किती हलकं वाटतंय.

दिसायला आता साधीच गाडी झालीय. चालेल.

गुरुवार, २९ जानेवारी

दादाचा फोन. म्हणाला, गाडी तुझ्या नावावर करून घे. तिकडेच नोकरी घेतलीय, परत येणार नाही. आईला मी सांगायचंय.