ड्रॅगनले काहून सोडलं?

बालाघाट, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

माझ्या पोस्टवर रोज कौतुक लिहिणारी ही 'पुणेकर वाचक' कोण? आज तिथंच टाकलेल्या माझ्या कादंबरीच्या पहिल्या भागाबद्दल तिनं विचारलं, "राजकन्येनं ड्रॅगनले काहून सोडलं?"

ड्रॅगनला नाही, ड्रॅगनले! पुण्यात कोण असं बोलतं? घरातलंच कुणीतरी माझी कीव करतंय. म्हणजे खरा वाचक एकही नाही?

तूच का ती, म्हणून धाकट्या बहिणीला, पिंकीला धरलं. ती म्हणाली, "मले का येड लागलं तुह्ये भुतंखेतं वाचाले?"

भाजी चिरणारी आई बोलून गेली, "भूत नाही वं, ड्रॅगन होय तो." आणि घाईनं भाजी धुवायला उठली.

घरात मी ड्रॅगनचं नावही काढलं नव्हतं.

ड्रॅगनले... पण नुसती कीव करणारं माणूस 'काहून', म्हणजे 'का', असं विचारत नाही. कादंबरीचा दुसरा भाग आईच्या शिलाई मशीनवर ठेवून आले.