एकशे चार

३ ऑगस्ट

आज नवऱ्याची गोळी त्याच्याच कॉफीत घातली. न सांगता.

निदान या वहीत तरी खरं लिहायचं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी देऊन तीन आठवडे झाले आणि पाकीट खणात तसंच पडून — एक गोळी फोडलेली नाही. वाद घालून मी थकले. याचं म्हणणं एकच. गोदीवर दरवर्षी तपासणी होते, तिच्या फॉर्मवर 'नियमित चालू असलेली औषधे' असा रकाना असतो. क्रेनवाल्याने तिथे या गोळीचं नाव लिहिलं की केबिन बंद, उरलेली नोकरी जमिनीवर. "आणि खोटं मी लिहिणार नाही. म्हणून घेतच नाही. संपलं."

बावीस वर्षं चाळीस मीटर उंचावर बसलेला माणूस. त्याला खाली आणून गोदामात शिक्के मारायला बसवलं तर त्याचं काय होईल, हे मलाही कळतं. पण दाबाचा वरचा आकडा एकशे सत्तर आहे हेही कळतं. सासरे त्रेपन्नाव्या वर्षी गेले. हा बावन्न.

दोन चमच्यांमध्ये गोळी दाबली, पूड केली, साखर जास्त घातली. कप पुढे ठेवून आंघोळीला गेले. आले तेव्हा कप रिकामा होता.

४ ऑगस्ट

दुसरी. आज पूड करताना काही सांडलं नाही. हेच वाईट.

१० ऑगस्ट

माझं काम दुकानांतले वजनकाटे तपासण्याचं. आज एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या पारड्याखाली चिकटवलेला लोखंडाचा तुकडा सापडला. "बाई, एवढ्याशा तुकड्याने कोण मरतंय?" मी काट्याला सील ठोकलं, पंचनामा केला, सही घेतली. सही करताना म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं.

परत येताना वाटभर तोच विचार. मी रोज सकाळी काय करते? माझ्या कपाखाली काय चिकटवलंय ते कोण तपासणार? लोकांचे काटे सरळ करत फिरायचं आणि घरी हे.

त्याच्या जिवासाठी करते, हे खरं. पण म्हाताऱ्यालाही विचारलं असतं तर त्यानेही पोटासाठीच म्हटलं असतं.

तपासणी होईपर्यंतच. मग सांगेन.

दाब उतरला की नाही तेही कळायला मार्ग नाही. मोजायचा पट्टा दंडाजवळ नेला की हा हात झटकतो.

१७ ऑगस्ट

घरात यंत्र आलं. बंद पडलेल्या एका व्यायामशाळेतून याने वापरलेलं उचलून आणलं — नाव वल्हवल्यासारखं ओढायचं. सरकती बैठक, दांडा, पावलांना पट्टे आणि समोर एक काळा कॉम्प्युटर. याने आणि मुकादमाने मिळून जिन्यावरून चढवलं. मुकादम गोदीवर याचा वरिष्ठ, पण त्याआधी शाळेतला सोबती. वर पोचल्यावर दोघे भिंतीला टेकून बसले.

"वहिनी, याला समुद्र कमी पडायला लागला, आता दिवाणखान्यात नाव घातलीय."

"हसा. गोळीबिळी काही न घेता दाब उतरवून दाखवतो," हा म्हणाला. "चौदा ऑक्टोबरला तपासणी. दोन महिने खूप झाले."

बोलताना नजर माझ्यावर होती. मी पाणी आणायला आत गेले.

कॉम्प्युटर लेकीने लावून दिला. "बाबा, वय सांगा. खरं सांगा, याला फसवता येत नाही." छातीला एक पट्टा बांधायचा, तो ठोके मोजून पडद्यावर पाठवतो. यंत्रात बरेच कार्यक्रम आहेत, पण लेकीने आठवा निवडला. त्यात ठोके कुठवर न्यायचे ते आधी ठरतं — याच्या वयाला एकशे सव्वीस. ठोके त्याहून कमी असले तर यंत्र दर मिनिटाला ओढ एक पायरी जड करतं, जास्त झाले की हलकी करतं. अशा सोळा पायऱ्या.

सवयीने मी आधी यंत्रच तपासलं. पट्टा स्वतः बांधला, बसले, ओढलं. चौथ्याच पायरीला पडद्यावर एकशे अठ्ठावीस. मनगट धरून घड्याळावर मोजले, पंधरा सेकंदांत बत्तीस. अगदी बरोबर. यंत्रात खोट नाही.

१९ ऑगस्ट

याचे एकशे दोन. सातवी पायरी.

२४ ऑगस्ट

आठवडाभर पाहतेय. ठोके हळूहळू एकशे चारपर्यंत चढतात आणि तिथे बसकण मारतात. यंत्र थोडं थांबतं, टीं करतं, ओढ वाढवतं. हा दात आवळून ओढतो. एकशे चार. टीं. पुन्हा जड. मान लाल, ओठ पांढरे, बैठकीखाली घामाचं थारोळं — आणि पडद्यावर ढिम्म एकशे चार.

लेक म्हणते, "बाबा, तुम्ही माणूस आहात की फ्रीज?"

हा खूश. "याला म्हणतात काळीज. तुझ्या आईचे चौथ्या पायरीला एकशे अठ्ठावीस झाले होते, विचार तिला. त्या डॉक्टरला म्हणावं ये बघायला."

मनगट धरून मोजले. पंधरा सेकंदांत सव्वीस. पट्टाही बरोबर.

कारण मला माहीत आहे, घरात फक्त मलाच. गोळीच्या पाकिटातला कागद संध्याकाळी पुन्हा वाचला. ही गोळी ठोके वाढू देत नाही, तिचं कामच ते. म्हणजे याचं काळीज सकाळी मी दाबून ठेवते आणि नंतर यंत्र त्याला सांगतं, तू अंग चोरतोयस, अजून ओढ. दोघांच्या मध्ये हा.

३१ ऑगस्ट

बारावी पायरी.

म्हटलं, "तो आठवा सोड ना. साधा कार्यक्रम घे. वीस मिनिटं, एकच ओढ."

"का?"

"पाठ धरेल."

"पाठ माझी आहे."

खरं कारण सांगायचं तर गोळीचं सांगावं लागेल. न सांगावं तर उद्या तेरावी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

६ सप्टेंबर

ऑफिसच्या जिन्यात उभी राहून डॉक्टरांना फोन केला. आकडे वाचून दाखवले. त्यांनी विचारलं, "गोळी रोज घेतात ना?"

"हो. रोज."

हे खोटं नव्हतं. तरी कान तापले.

"मग काळजी नको. ती गोळी असली की ठोके अडकतातच. त्या यंत्राच्या ठोक्यांवर जाऊ नका, त्यांना बोलता येईल एवढाच दम लागू द्या. गोळी चालू नसती तर मात्र मी त्यांना आजच्या आज बोलावलं असतं, कारण मग ते काळजाचंच दुखणं." आणि एक बजावलं, की गोळी एकदम बंद करायची नाही. चक्कर वगैरे आली तर आधी अर्धी, मग पाव, आणि त्यांना घेऊन या.

फोन ठेवला तेव्हा हलकं वाटलं. गोळीचंच आहे. म्हणजे सगळा दोष माझाच, पण निदान माहितीतला.

७ सप्टेंबर

हलकं वाटल्याची आज लाज वाटते.

११ सप्टेंबर

दुपारी मुकादमाचा फोन. तो उगाच फोन करणाऱ्यांतला नाही.

"वहिनी, त्याला सांगू नका मी बोललो म्हणून. सकाळी वर चढताना शिडीच्या मध्यावर थांबला. मी खालून हाक मारली, तर म्हणतो कसा, बुटाची लेस बांधतोय. शिडीवर कुणी लेस बांधतं का? पाचेक मिनिटं तसाच शिडीला मिठी मारून होता. घरी सगळं ठीक ना?"

म्हटलं, हो, ठीक.

चाळीस मीटरची शिडी. पाच मिनिटं. संध्याकाळी मी विचारलं, दिवस कसा गेला? "नेहमीसारखा." मीही नेहमीसारखीच हसले. आम्ही दोघे आता एकमेकांना किती छान सांभाळून घेतो.

उद्यापासून अर्धी.

२० सप्टेंबर

अर्ध्या गोळीवर आठ दिवस. मला वाटलं होतं ठोके थोडे सुटतील, एकशे दहा, बारा. आज एकशे चार. चौदावी पायरी.

औषध अंगात मुरलेलं असेल. जायला वेळ लागत असेल.

जेवण झाल्यावर याने तपासणीचा फॉर्म भरला, माझ्याच समोर, माझ्याच पेनाने. 'नियमित चालू असलेली औषधे'. तिथे पेन जरासुद्धा अडखळलं नाही. 'काहीही नाही.' खाली सही. मग कागद माझ्याकडे सरकवला, "बघ गं, शुद्धलेखन बघ. तुझी नजर बारीक."

मी शुद्धलेखन बघितलं. चूक नव्हती.

या माणसाने आयुष्यात एक खोटी सही केली नाही. आज केली, आणि त्याला माहीतही नाही. मी त्याच्या हाताने खोटं लिहून घेतलं. म्हाताऱ्या दुकानदाराने निदान स्वतःच्या हाताने तुकडा चिकटवला होता.

२६ सप्टेंबर

आजपासून पाव. पूड एवढीशी, की चमच्यालाच चिकटून राहते.

लेक विचारत होती, "आई, बाबा ओढून झाल्यावर इतका वेळ तसेच का बसतात? मी हाक मारली तर हात वर करून थांब म्हणाले. बोलले नाहीत." मी म्हटलं, दमतात गं. ती म्हणाली, "पण मशीन तर म्हणतं दमलेच नाहीत."

पोरगी हुशार आहे. मला तिच्याकडे बघवलं नाही.

२ ऑक्टोबर

पाव गोळीचे सहा दिवस. एकशे चार. सोळावी पायरी. याच्यावर पायरी नाही.

३ ऑक्टोबर

दिवसभर ऑफिसात आकडे डोक्यात. एक गोळी, एकशे चार. अर्धी, एकशे चार. पाव, एकशे चार. एखाद्या दुकानात मी पारड्यात किलो ठेवला, मग अर्धा, मग पाव, आणि काटा तिन्ही वेळा तिथेच राहिला, तर मी काय म्हणेन? म्हणेन, हा काटा या वजनांना मोजतच नाहीये. 

पण यंत्र तर मी तपासलंय. पट्टा तपासलाय. बोटांनी मोजलंय. मग चूक कुठे? मोजायला बसण्याआधी, गोळी सुरू होण्याआधी याचे ठोके किती होते, तेच मी पाहिलेलं नाही. गोळी आधी, यंत्र दोन आठवड्यांनी. शिकाऊ मुलाने अशी तपासणी केली असती तर मी त्याला परत पाठवलं असतं.

डॉक्टरांना पुन्हा फोन करावा म्हणून उचलला. पण काय विचारणार? ते म्हणतील, घेऊन या. हा येणार नाही. यायला हवा असेल तर सगळं सांगायलाच हवं.

५ ऑक्टोबर

सकाळी मी स्वयंपाकघरात असताना टीं टीं थांबलं. बाहेर आले. हा बैठकीवर वाकून बसलेला, दांडा हातातून सुटून पुढे गेलेला. ओठ निळसर.

"काय झालं?"

"काही नाही. घाम डोळ्यांत गेला."

हाताने डोळे पुसले नव्हते. मी शेजारी जमिनीवर बसले, टॉवेल दिला. दम परतल्यावर म्हणाला, "नऊ दिवस राहिले. एकदा ती तपासणी होऊ दे, मग हे यंत्र विकून टाकू. तू म्हणशील तिथे जाऊ चार दिवस." मला समजावल्यासारखं, माझंच काही दुखत असल्यासारखं.

नऊ दिवस थांबणार नाही. ओरडेल, चार दिवस बोलणार नाही, लेकीसमोर शोभा होईल. होऊ दे. कॉफीचं उद्या सांगायचं.

६ ऑक्टोबर

सांगितलं. कामावर निघताना, हा बूट घालत असताना. वाक्य पुरं व्हायच्या आधीच हसायला लागला.

"पहिल्याच घोटाला कळलं होतं. कडूजहर. तेव्हापासून रोज बेसिनमध्ये ओततोय. कॉफी काय, गोदीवरही मिळते. म्हटलं, हिच्या जिवाला बरं वाटतंय तर वाटू दे." डोक्यावर टपली मारली आणि गेला.

दोन महिन्यांत पोटात एकही गोळी गेलेली नाही. ते एकशे चार गोळीचे नव्हते. याचे स्वतःचे आहेत. डॉक्टर म्हणाले होते तेच, काळजाचं दुखणं.

हे लक्षात येईपर्यंत हा वर पोचलेला, आणि केबिनमध्ये फोन बंद ठेवावा लागतो. मुकादमाला लावला. म्हटलं, त्याला आत्ता खाली आणा, एकट्याला उतरू देऊ नका, सोबत माणूस पाठवा. आणि का ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, हे एकदा ऐकलं की मला गोदीच्या नोंदीत लिहावं लागतं. मग त्याची केबिन गेली."

म्हटलं, लिहा.