उंबडीवरची हरकत

३ फेब्रुवारी
संपादकबाईंचे पाकीट आले. आत माझ्या पत्नीच्या शेवटच्या पुस्तकाची प्रुफे. पत्नीच्या पुस्तकाला पतीची मंजुरी — काय विचित्र व्यवस्था! उघडले नाही. वर जाड शब्दकोश ठेवला.

५ फेब्रुवारी
पाकीट तसेच.

६ फेब्रुवारी
मुलीचा फोन. "बाबा, उघडा हो! आत मगरांजर आहे, पण चावत नाही."

मगरांजर म्हणजे अर्धी मगर, अर्धे मांजर. बालवाडीतल्या मुलांसाठी असले प्राणी रंगवायचे आणि त्यांवर कविता करायच्या, हा माझ्या पत्नीचा उद्योग. आणि मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक! पद्धत ठरलेली होती. ती चित्र काढी, मी हरकत घेई — पचन कसे होणार, हे वजन पंखांना पेलणार कसे? त्या हरकतीला उत्तर म्हणून तिची कविता होई. मला ती घरातही 'सर'च म्हणे.

८ फेब्रुवारी
हे कुणालाही सांगितलेले नाही. येथे लिहितो.

रुग्णालयात, शेवटच्या आठवड्यात, तिने एक चित्र पुढे केले. उंबडी — पाय उंटाचे, धड कोंबडीचे. "बोला सर, हरकत?" मी नुकताच डॉक्टरांशी बोलून आलो होतो. फटकन म्हणालो, "इतक्या उंचावरून अंडे पडून फुटेल. असा प्राणी जगणार नाही. अशक्य!"

जगणार नाही! कुणासमोर बोललो मी हे? तिने भिंतीकडे तोंड फिरवले. मी दार आपटून बाहेर गेलो. पुन्हा त्या चित्राचा विषय निघाला नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

म्हणजे उंबडी कवितेवाचून राहिली, आणि ती माझ्यामुळे. ते कोरे पान मला पाहवणार नाही.

९ फेब्रुवारी
संपादकबाईंना फोन केला. उंबडीचे पान गाळावे, अशी विनंती केली.

"गाळू? सर, पुस्तकातलं सगळ्यात भारी पान आहे ते! पाकीट उघडलंत तरी का?"

खोटे बोलता आले नाही. फोन ठेवला आणि उघडले. चित्राखाली कविता होती!

उंचावरून उंबडीचे अंडे पडून फुटेल ना?
सर म्हणाले, "अशक्य प्राणी! वंशच हिचा तुटेल ना?"
उंबडी म्हणे, "गुडघे माझे दुमडायाला येती, सर!
खाली बसते, अंडे देते, मऊमऊशा वाळूवर!"

उंट गुडघे दुमडून बसतो. एकतीस वर्षे मी हे वर्गात शिकवले!

१० फेब्रुवारी
कविता केव्हा आली, ते संपादकबाईंना विचारले. त्यांना दिवस पक्का आठवत होता. तिने वॉर्डातूनच फोन केला होता — "लवकर लिहून घे गं. सर आत्ताच दार आपटून गेलेत. उंट बसतो हेच विसरले! मघापासून भिंतीकडे तोंड करून हसतेय, टाके दुखायला लागले."

हसत होती.

ती गेल्यापासून आठ महिने मी त्या पाठीकडे पाहत होतो. ती हसत होती!

मग कडकडून भूक लागली. स्वतःच पोळ्या केल्या — एकही गोल नाही. चारही खाल्ल्या.

११ फेब्रुवारी
प्रुफांवर सही केली. शब्दकोश कपाटात परत.

१७ फेब्रुवारी
आज एक प्राणी काढला. धड पाणघोड्याचे, पंख चिमणीचे. पाय नीट जमले नाहीत. मुलीला फोन करून त्याचे वर्णन सांगितले आणि म्हणालो, "हरकत घे."

ती म्हणाली, "बाबा, हा बसला की फांदी नाही का मोडणार?"

"थांब," म्हणालो. "जरा वेळ दे."