बिबड्यांचा मार्गदर्शक

१० एप्रिल, सकाळी
आजपासून नूतनच्या बचत गटाला लीडरशिप देणार. नूतन माझी बायको. गटाची अध्यक्षा तीच, पण अध्यक्षा होणं वेगळं आणि व्हिजन असणं वेगळं. महिनाअखेर नंदुरबारला प्रदर्शन आहे. गटाला पहिल्यांदाच स्टॉल मिळालाय, ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, विकायचं ठरलंय. बायकांना पुढे आणायचं तर कुणीतरी पुरुषाने त्यांच्या पुढे उभं राहायलाच हवं. गावात तसा मीच.
शहाद्याहून व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. ‘रूपचंदभाऊ, मार्गदर्शक’. नूतनने कार्ड वाचलं आणि चहा गाळायला गेली. भारावली असावी.

११ एप्रिल
गटाच्या बैठकीत गेलो. सगळ्या बोलायच्या थांबल्या. आदर. टीमवर्कवर बराच वेळ बोललो. गटातल्या सगळ्यात थोरल्या दगूबाई मधेच म्हणाल्या, ‘भाऊ, जेवण व्हयनं का?’ माया आहे माझ्यावर. जेवून परत गेलो तर दार आतून बंद. वारा फार सुटतो हल्ली.

१६ एप्रिल
पहाटेपासून आमच्या गच्चीवर काम. भिजवून दळलेल्या ज्वारीचं पीठ लसूण-तिखट घालून शिजवायचं आणि ओल्या लुगड्यांवर हाताने थापायचं. मी पातेल्याजवळ उभं राहून टाइम मॅनेजमेंट समजावलं. गटातल्या प्रमिलाबाईंनी माझ्या हातात काठी दिली, कावळे हाकायला. घेतली. लीडर ग्राउंडवर दिसला पाहिजे.
दुपारी जरा डोळा लागला. एक शेळी येऊन गेली म्हणतात. मी पाहिली नाही.

१७ एप्रिल, दुपारी
बायका बँकेत गेल्यात. बिबडे खडखडीत वाळलेत. आता लुगडं उलटं करायचं, मागून पाणी शिंपडायचं, मग एकेक बिबडा सोडवायचा, अशी यांची पद्धत. उन्हात वाळवायचं आणि पुन्हा पाणी मारायचं! पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय, कारण कुणी प्रश्न विचारत नाही. मी विचारला. सगळे कोरडेच काढतोय. त्या येईपर्यंत उरकतो. सरप्राइज.

१७ एप्रिल, संध्याकाळी
सगळ्याचा चुरा झाला. काही बिबड्यांबरोबर लुगडंही फाटून आलं. ज्वारीची क्वालिटी कमी पडली.
कुणी ओरडलं नाही. दगूबाईंनी प्रदर्शनात नेसायला नवं लुगडं घेऊन ठेवलंय. त्या चुऱ्याकडे बघत बसल्या आणि पदराने डोळे पुसले. मी म्हटलं, याला फेल्युअर म्हणत नाहीत, डेटा म्हणतात. नूतन म्हणाली, ‘तुम्ही आते खाले जावा.’ गेलो. वाईट वाटलं. थोडंच.

१८ एप्रिल
तातडीची बैठक. मला बाहेर ओट्यावर बसवलं, पण खिडकी उघडी होती. ठराव असा: ज्वारी पुन्हा भिजत घालायची, आणि प्रदर्शन होईपर्यंत रूपचंदभाऊंनी लोणखेड्याला बहिणीकडे राहावं. एकमताने पास.
मोठ्या कंपन्याही माणसं बाहेर पाठवतात. स्टडी टूर म्हणतात त्याला. फक्त ठराव मांडला कुणी, ते कानावर यायला नको होतं. नूतनने मांडला.

२८ एप्रिल, लोणखेडा
काल प्रदर्शन झालं. मला न्यायला गाडी पाठवतील म्हणून सकाळपासून इस्त्रीचे कपडे घालून ओसरीवर बसलो होतो. भाषण पाठ होतं. अकरा वाजता बहीण, शीलाताई, म्हणाली, ‘भाऊ, बसेलच शे तर शेंगा सोली दे.’ सोलल्या.
संध्याकाळी नूतनचा फोन. बिबडे दुपारीच संपले. मग कुणीतरी तिच्या हातात माइक दिला आणि ती बोलली, आपल्या अहिराणीतच. टाळ्या थांबेनात म्हणे. मी विचारलं, माझं नाव घेतलं का? म्हणाली, घेतलं ना, बिबडे कसे काढू नये ते सांगताना. आणि हसायला लागली. मागे दगूबाई, प्रमिलाबाई सगळ्या हसत होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, नूतन इतकी मोकळी हसलेली मी ऐकली नव्हती.
ती नको म्हणेल म्हणून मुद्दाम विचारलं, इथेच आणखी थोडे दिवस राहू का?
‘ऱ्हावा,’ म्हणाली. जरासुद्धा थांबली नाही.