राखून ठेवलेला पेंढा

२६ एप्रिल १९९८, किन्हवली
गोठ्यामागे शेण-पेंढ्याचा ढीग कुजतोय. आत हात घातला तर चटका बसला. हाच हवा होता मला. साठ डिग्रीला पेंढा खाणारा जंतू असलाच तर इथे. त्याचं सेल्युलेज, म्हणजे पेंढा विरघळवणारं एन्झाइम, मिळालं की पीएच.डी. मार्गी. जूनअखेर मिळालं नाही तर गाईड मॅडम विषय बदलणार. आणि मी शहाणी नमुन्याच्या डब्या आणायलाच विसरले. बाबांना बजावलं, "रविवारी येते. हा ढीग राखून ठेव."

३ मे, किन्हवली
ढीग गायब. शेतात राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजून झालेला, बाबा खुशीत.
"माझा ढीग?"
"राबाला घातला. तूच बोल्लीस ना, राखून ठेव. आठ दिस कोणाला हात लावून दिला नाय गो."
इथे पेंढा राखतात तो राबासाठीच. मीही याच घरातली, कळायला नको? रागाने जेवले नाही. मग जेवले, सुकटीची चटणी होती.
निघताना राबाची कड उकरली. वर राख, खाली अर्धवट करपलेला ओला पेंढा. भरला डबीत. हट्ट, दुसरं काय.

१२ मे, लॅब
साठ डिग्रीला चार कॉलन्या वाढल्या. प्लेटवर काँगो रेडचा रंग ओतून मिठाच्या पाण्याने धुतलं. सगळं लाल, आणि एकीच्या भोवती फिकट पिवळा गोल. तेवढ्या जागेतलं सेल्युलोज फस्त! एकटीच नाचले. वळून बघते तर दारात मॅडम. चष्मा पुसून दोनदा बघितलं, म्हणाल्या, "परत करून दाखव." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पेढेच. नाव ठेवलं राब-१.

१७ मे, किन्हवली
बाबांना जंतूचा फोटो दाखवला.
"दात नाय, मंग पेंढा चावतंय कसा?"
म्हटलं, चावत नाही. बाहेरच रस सोडतो, पेंढा विरघळला की पितो.
"मंग माज्यासारकाच. मीबी भाकर दुधात भिजवूनच खातंय."
हसून पोट दुखलं. गाईडला हे इतकं सोपं सांगता आलं नव्हतं मला.

५ जून, लॅब
दुसऱ्यांदा गोल आलाच नाही. तिसऱ्यांदा आला, पण केवढासा. मॅडम म्हणतात, त्याच जागेचा नवा नमुना आण. आता कुठून आणू, एव्हाना राबात भात पेरला असेल.

७ जून, किन्हवली
पेरलाय. फक्त मी उकरलेली कड मोकळी, भोवती काटक्या रोवलेल्या.
"राखून ठेवली," बाबा म्हणाले.
या वेळी विचारलं, कशासाठी?
"तुज्या त्या बिनदाताच्यासाठी."
डोळ्यांत पाणी आलं, धूर नसताना. तीन डब्या भरल्या. उद्या प्लेटा घालते.